दफ्तर आपले, जागा परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणकप्रणालीची निगा राखण्याचे काम थांबविले, आणि ज्या कचेऱ्यांतून आठ-आठ, दहा-दहा वर्षांची यंत्रे फारशी कुरकुर न करता काम देत होती त्यांच्या चालकांवर नव्या खर्चाची तजवीज करण्याची वेळ आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षाभाग आणि साधारणतः २०१७-१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे त्याहून जुन्या यंत्रांवर ती प्रणाली रीतसर चढविता येत नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग करणारा एखादा कारखाना असो, इंदापूरच्या बाजारपेठेतील एखादी पतसंस्था असो, की नीरा आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यातील एखाद्या साखर कारखान्याचा शेतकी विभाग असो, प्रत्येकाला दोन मार्ग तत्काळ सुचतात: सर्व यंत्रे नवी घ्यावीत, अथवा आहेत तीच धोका पत्करून चालवावीत. तिसरा मार्ग असा की, मेजावरचे जुने यंत्र जागीच ठेवून त्याच्याकडून केवळ पडद्याचे व कळफलकाचे काम घ्यावे, आणि खरा संगणक पुण्याच्या किंवा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा. याला व्यवहारात क्लाउड डेस्कटॉप अथवा व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात, आणि त्याची निवड कशी करावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कारकुनाने एक कळ दाबली की त्या कळीची वार्ता तारेने डेटा सेंटरकडे जाते. तेथल्या प्रचंड सर्व्हरचा एक तुकडा त्या कारकुनाच्या नावे राखलेला असतो, तो ती आज्ञा पाळतो. आणि पडद्यावर जो बदल व्हावयाचा त्याचे चित्र तेवढे परत येते. फाइल, हिशेब, खतावणी, यांतले काहीही मेजावरच्या यंत्रात उतरत नाही. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदविण्याची ही युक्ती आयबीएम कंपनीने १९६७ सालीच सिद्ध केली होती; १९८९ मध्ये स्थापन झालेल्या सिट्रिक्स कंपनीने दूरच्या पडद्याचा व्यवसाय उभारला; १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली; आणि २०१४ मध्ये अमेझॉनची वर्कस्पेसेस, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टची आज अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप नावाने चालणारी सेवा व २०२१ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ३६५ बाजारात आल्यावर ही सोय लहान संस्थांच्याही आटोक्यात आली.

बारामतीला क्लाउडचे अप्रूप राहिलेले नाही. येथील अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालविला आहे, त्यात उपग्रहाची चित्रे आणि शेतातील उपकरणांच्या नोंदी क्लाउडवर एकत्र येतात व पाणी-खतांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर उतरतो. परंतु तेथे शेतकरी केवळ सल्ला घेतो, त्याचे घर आणि त्याचा सातबारा जागच्या जागी असतो. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये संस्थेचे सबंध दफ्तरच परक्याच्या जागेत हलते. म्हणूनच येथे दरपत्रके मागवून स्वस्त दिसेल त्याला पसंत करण्याचा प्रचलित शिरस्ता उपयोगी पडत नाही. आधी तार पाहावी, मग कामाची रीत, मग मेजावरची उपकरणे, मग किल्ल्या आणि सुटकेची वाट. भाव सर्वांत शेवटी विचारावा, कारण या पाच गोष्टी ठरल्यावाचून भाव ठरतच नाही.

तार

नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही, की धरणात पाणी किती आहे यापेक्षा आपल्या चारीला ते केव्हा व किती पोहोचते यावर पीक अवलंबून असते. क्लाउडचेही तसेच आहे. पुरवठादार आपल्या सर्व्हरच्या सामर्थ्याचे वर्णन करील. आपण मात्र आपल्या मेजापर्यंत काय पोहोचते तेच मोजावे.

मोजावयाच्या गोष्टी दोन आहेत. पहिली, कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. म्हणजे बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील पुण्यास जाऊन येण्यास त्याला अवघा एक सहस्रांश सेकंद पुरावा, आणि मधल्या उपकरणांपाशी होणारा खोळंबा धरला तरी काम सुरळीत चालावे. उलट, सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर तेरा हजार किलोमीटरची जा-ये करण्यात नुसत्या प्रकाशाच्याच प्रवासाला एकशेतीस सहस्रांश सेकंद लागतात, आणि प्रत्यक्ष विलंब त्याहून पुष्कळ अधिक भरतो. हा विलंब शंभर सहस्रांशांच्या आत असला तर टंकलेखन सुखाचे होते; त्यापलीकडे गेला की अक्षर बोटामागून रेंगाळू लागते आणि दिवसभर आकडे भरणारा कारकून सायंकाळपर्यंत वैतागतो. म्हणून करार करतानाच आपले यंत्र कोणत्या शहरी राहणार हे लिहून घ्यावे. मायक्रोसॉफ्टचे ‘मध्य भारत’ हे केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे. अमेझॉनचे केंद्र मुंबईत २०१६ पासून व हैदराबादेत २०२२ पासून, तर गूगलचे मुंबईत २०१७ पासून आणि दिल्लीत २०२१ पासून आहे. एवढी जवळची केंद्रे असताना नोंदणीच्या पानावर जे केंद्र आधीच निवडलेले दिसते तेच कायम ठेवून परदेशी यंत्र पदरी घेणे, हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

दुसरी गोष्ट बँडविड्थची. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार केवळ नोंदी भरणाऱ्यास सेकंदाला दीड मेगाबिट, साधारण कचेरीकामास तीन, चित्रे व बैठका यांसह चालणाऱ्या कामास पाच, आणि त्रिमितीय आराखड्यांच्या कामास पंधरा मेगाबिट लागतात. दहा मेजांची पतसंस्था असेल तर तीस मेगाबिट अखंड मिळावयास हवेत, आणि ‘शंभरपर्यंत’ असे छापलेली जोडणी ते देईलच असे नाही. मोजणी सकाळी अकराला करावी, सायंकाळी सातला करावी, आणि पावसाच्या दिवशी पुन्हा करावी. याखेरीज दुसऱ्या कंपनीची एक राखीव जोडणी, निदान मोबाइलची, असावीच. कारण रस्त्याच्या खोदकामात काचतंतू तुटला की ज्याचे यंत्र मेजावर आहे त्याचे निदान टंकलेखन तरी चालते, ज्याचे यंत्र पुण्यात आहे त्याच्या हाती रिकामा पडदा राहतो.

विजेच्या बाबतीत मात्र हाच हिशेब उलट लागतो. पंधरवड्याच्या ऊसबिलाचा तक्ता अर्धा भरला असता वीज गेली, यूपीएस थकला आणि पडदा काळा झाला, तर जुन्या व्यवस्थेत शेवटच्या ‘सेव्ह’नंतरचे सारे पुन्हा लिहावे लागे. दूरस्थ यंत्राला गावात वीज गेल्याची वार्ताही नसते. कारकुनाने शेजारच्या लॅपटॉपवरून मोबाइलच्या नेटवर लॉगिन केले की तोच तक्ता, त्याच ओळीवर, त्याच चौकटीत लुकलुकणारा कर्सर त्याला सापडतो.

कामाची रीत

साखर कारखान्याचे दफ्तर बारमाही सारख्या गतीने चालत नाही. गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा. त्या काळात कारखाना तीन पाळ्यांत अहोरात्र चालतो, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या, वजनाच्या पावत्या, टोळ्यांचे व वाहतूकदारांचे हिशेब यांची रीघ लागते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे चुकते करावयाचे असल्यामुळे दर पंधरवड्याच्या अखेरीस हिशेबनीस रात्री जागवितात. पावसाळ्यात त्याच कचेरीत निम्मी मेजे रिकामी असतात. यंत्रे विकत घेतली तर ती हंगामाच्या कळसाला पुरतील इतकी घ्यावी लागतात व उरलेले महिने धूळ खातात. भाड्याची असली तर हंगामापुरती वाढवून नंतर कमी करता येतात. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद आमच्या मते हाच आहे, आणि तो या मुलुखाला जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला पडेल.

आकारणीच्या तीन पद्धती आहेत. विंडोज ३६५ माणशी, मासिक, ठरीव रकमेने मिळते; यंत्र वापरा अथवा न वापरा, आकार तोच. अमेझॉनची वर्कस्पेसेस मासिक दरानेही मिळते आणि तासाच्या दरानेही. तासाच्या पद्धतीत वापर थांबला की काही वेळाने यंत्र आपोआप निद्रिस्त होते व पुन्हा उठावयास मिनिटभर घेते. अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये वापरलेल्या यंत्रवेळेचे पैसे पडतात, शिवाय एकाच विंडोजवर अनेक जणांना एकाच वेळी बसविता येते. दहा कारकून एकसारखे हलके काम करीत असतील तर ही व्यवस्था स्वस्त पडते, परंतु ती राखण्यास जाणता माणूस लागतो. पाळ्यांच्या कामासाठी विंडोज ३६५ ची फ्रंटलाइन ही सोय उल्लेखनीय आहे: तिच्या एका परवान्यावर तिघांना, एका वेळी एकाने, आपापले यंत्र वापरता येते, आणि कारखान्याच्या तीन पाळ्यांशी हे गणित नेमके जुळते.

अभियांत्रिकीचे काम निराळे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीपासून अवकाश-प्रक्षेपकांच्या भागांपर्यंत जड अभियांत्रिकीची परंपरा आहे, बारामतीत वाहने व घडीव भाग तयार होतात, आणि त्यांच्या भोवती लहानमोठ्या ड्रॉइंग-ऑफिसांचा परिवार वाढला आहे. त्रिमितीय आराखडा फिरविण्यास चित्रसंस्कारक (जीपीयू) असलेले यंत्र लागते, त्याचे तासाचे भाडे साध्या यंत्राच्या कित्येक पट असते, आणि ते रात्री चालू राहिले तर महिन्याच्या बिलात पश्चात्ताप उमटतो. असे यंत्र अवघड कामापुरते तासावर घ्यावे. रोज आठ तास तेच काम करणाऱ्याने चांगले यंत्र विकत घेणेच श्रेयस्कर. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना तिसराच प्रकार योग्य ठरतो: विद्यार्थी उठून गेला की यंत्र पुसून पुन्हा मूळ स्थितीला यावे, म्हणजे सकाळच्या तुकडीने केलेला गोंधळ दुपारच्या तुकडीच्या वाट्याला येत नाही.

मेजावरची उपकरणे

दरपत्रकात ज्यांचा उल्लेखही नसतो अशा क्षुल्लक वस्तूंपाशी या योजना सर्वाधिक अडखळतात. पुण्यातील सर्व्हरला आपल्या कचेरीतील यूएसबीचे छिद्र नाही. जीएसटी, कंपनी निबंधक, ई-निविदा यांसाठी लागणारे डिजिटल सहीचे टोकन, पासबुक भरणारा प्रिंटर, बोटाचा ठसा घेणारे यंत्र, हे सर्व कारकुनाच्या हाताशी असते, आणि त्याची जोडणी तारेतून पलीकडे पोहोचवावी लागते. काही उपकरणे सहज पोहोचतात, काही आळशीपणे, काही मुळीच नाही.

मराठी दफ्तरांची एक खास अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची पत्रे, ठराव, वार्षिक अहवाल आमच्या संस्थांनी श्रीलिपीत अथवा सी-डॅकच्या आयएसएमवरील जुन्या फाँटांत लिहिले आहेत. श्रीलिपीच्या अनेक प्रती डोंगल लावल्याखेरीज उघडत नसत. ते डोंगल व्यवस्थापकाच्या खणात असते आणि आभासी यंत्राला ते दिसेलच असे नाही. फाँटही नव्या यंत्रावर बसविला नाही तर संचालक मंडळाचा जुना ठराव उघडताच पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. स्थलांतरापूर्वी असे कागद युनिकोडात आणून घ्यावेत, आणि जे आणणे शक्य नाही त्यांसाठी एक जुने यंत्र, नेटपासून तोडून, जपून ठेवावे.

वजनकाटा तर क्लाउडवर नेऊच नये. काट्याची जोडणी सहसा जुन्या सीरियल तारेची; बाहेर बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांची रांग गेटपर्यंत गेलेली; अशा वेळी नेट पाच मिनिटे गेले तर भरलेले वजन घेता येत नाही, रिकामे वजन घेता येत नाही, आणि रांगेतला प्रत्येक गाडीवान काट्यावरच्या माणसाचा उद्धार करतो. वजन जागेवरच नोंदवावे, आणि नोंदी मागाहून वर पाठवाव्यात.

किल्ल्या

दफ्तर परक्याच्या जागेत असले तरी त्याची जबाबदारी संस्थेचीच राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती गोळा करणाऱ्यावरच तिच्या रक्षणाचे दायित्व ठेवले आहे, मग प्रत्यक्ष सांभाळ तिसऱ्याकडे का असेना. आणि गंभीर कसुरीस अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदींची दप्तरे एकशेऐंशी दिवस ठेवावी लागतात. एक हजार कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या १० एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगविषयक निर्देशांचेही बंधन आहे. लहान पतसंस्थेला ते नसले तरी करारनाम्याचा नमुना म्हणून ते वाचण्यासारखे आहेत.

व्यवहारात सांगावयाचे तर, प्रशासकाचा पासवर्ड पुरवठादाराच्या स्थानिक एजंटाच्या ताब्यात राहू देऊ नये. अशी वहिवाट सर्रास दिसते: एजंट आपल्याच ईमेलवर खाते उघडतो, बिलही आपल्याच नावे घेतो, आणि उद्या त्याच्याशी बिनसले तर संस्था आपल्याच दफ्तराच्या दाराशी तिष्ठत उभी राहते. खाते संस्थेच्या नावे असावे, प्रशासकाचे अधिकार दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत, प्रत्येक लॉगिनला पासवर्डखेरीज मोबाइलवरची दुसरी खूण लागावी, आणि दफ्तराची एक प्रत दुसऱ्याच ठिकाणी ठेवलेली असावी. मेजावरच्या जुन्या यंत्रालाही विसरून चालणार नाही. विंडोज ३६५ घेणाऱ्याच्या विंडोज १० यंत्रास कंपनी वाढीव मुदतीचे सुरक्षासुधार वेगळा आकार न घेता देते. इतरांनी त्यावर लिनक्ससारखी हलकी प्रणाली बसवावी.

सुटकेची वाट

भाड्याच्या जागेत जाताना बाहेर पडण्याची शर्त आधी वाचावी. विंडोज ३६५ चा परवाना काढून घेतला अथवा संपला, तर सात दिवसांची सवलत मिळते आणि त्यानंतर ते यंत्र त्यातील सर्व ऐवजासह नाहीसे होते. कारखान्याच्या सचिवांची बदली, थकलेले बिल आणि दिवाळीची सुटी एकत्र आली तर सात दिवस जावयास वेळ लागत नाही. सबब, महत्त्वाची फाइल आभासी यंत्राच्या आत न ठेवता स्वतंत्र सामायिक जागेत ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी.

पुरवठादारही बदलतात. सिट्रिक्स २०२२ मध्ये खासगी गुंतवणूकदारांच्या हाती गेली. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि तिचा दूरस्थ डेस्कटॉपचा विभाग २०२४ मध्ये ओम्निसा या नव्या नावाने वेगळा झाला. मालक बदलला की दर आणि शर्ती बदलतात, आणि ज्याने आपले सर्व दफ्तर एकाच्याच साच्यात ओतले आहे त्याला वाटाघाटीस जागा राहत नाही. करारात माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत व काय खर्चाने परत मिळेल, हे स्पष्ट असावे.

आता भाव

एवढे ठरल्यावर मग भाव पाहावा. महिन्याचे तास सातशेवीस. कचेरी दिवसाला आठ तास, पंचवीस दिवस चालली तर वापर दोनशे तासांचा. चालू ठेवलेल्या यंत्राचे तासावर पैसे भरणारा आणि कामापुरतेच चालविणारा यांच्या यंत्रवेळेच्या आकारात साडेतीनपटीहून अधिक अंतर पडते, मात्र साठवणुकीचे भाडे यंत्र बंद असतानाही द्यावे लागते. या रकमेत अठरा टक्के जीएसटी, राखीव नेटजोडणीचा खर्च, विंडोज व इतर सॉफ्टवेअरचे परवाने आणि दर डॉलरशी निगडित असल्यास रुपयाची घसरण मिळवावी. आणि मग ती वर्षभराची बेरीज नव्या यंत्राच्या किमतीला पाच वर्षांनी भागून आलेल्या आकड्याशी ताडून पाहावी.

ही बेरीज करून पाहिली असता आमचा निर्णय असा होतो: तीन-चार मेजांची, एकाच जागी बसणारी, बारमाही सारखे काम असणारी कचेरी असेल तर तिने या फंदात पडू नये, नवी यंत्रे घ्यावीत व दफ्तराची प्रत क्लाउडवर ठेवावी. ज्या संस्थेच्या शाखा अथवा गट कार्यालये दोन तालुक्यांत विखुरलेली आहेत, जिचे काम हंगामी आहे, जिला दर वर्षी पाच-सहा महिन्यांसाठी माणसे वाढवावी लागतात, तिने व्हर्च्युअल डेस्कटॉपचा विचार अवश्य करावा. मात्र सबंध कचेरी एकदम हलवू नये. हंगाम ऐन भरात असताना, ऊसबिलाच्या एका पूर्ण पंधरवड्यात, दोनच मेजांवर ही व्यवस्था चालवून पाहावी, त्या मेजांवर सर्वांत तक्रारखोर कारकून बसवावेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच करारनाम्यावर सही करावी.